नळ नवा, तरी भिंतीला ओल: जुन्या जीआय लाइनवरचा गळका जोड आणि त्यासाठी फिटिंगची निवड

गिरगाव, दादर, लालबागच्या जुन्या इमारतींत प्लंबिंगची कामं करताना एक तक्रार सारखी कानावर येते. नळ नवा बसवला, टेप भरपूर गुंडाळली, आठवडाभर सगळं कोरडं होतं आणि मग नळामागच्या भिंतीला पुन्हा ओल. खालच्या मजल्यावरचे काका छताचे पोपडे दाखवायला वर येतात. दुकानदार आणखी महागाचा नळ काढून देतो. तोही बसवला जातो आणि पावसाळा संपेपर्यंत गळायला लागतो.

या इमारतींतली लाइन जीआयची, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडी पाइपची. तिचे एल्बो, म्हणजे काटकोनात वळणारे जोड, तीस-चाळीस वर्षं प्लास्टरमध्ये गाडलेले असतात. नवी फिटिंग त्या एल्बोच्या आट्यांत, म्हणजे पेचाच्या खाचांत, जाऊन बसते, आणि दोष बहुतेक वेळा त्या जुन्या आट्यांत असतो, नव्या फिटिंगमध्ये नाही. म्हणून फिटिंग निवडायची ती भिंतीत काय आहे ते बघून. शोरूममध्ये काय चमकतंय त्यावर जाऊ नका.

लक्षणं

सामान काढण्याआधी यातलं तुमच्याकडे नेमकं काय होतंय ते ठरवा. पुढच्या तपासण्या त्यावरच अवलंबून आहेत.

- नळामागच्या गोल चकतीच्या खालून पाण्याची रेघ येते, नळ बंद असतानासुद्धा.
- चकतीभोवतीचा चुना किंवा रंग फुगतो, टाइल्सचे सांधे काळे पडतात.
- नळ सोडताना-बंद करताना हाताला हलल्यासारखा लागतो.
- ठिबकणं फक्त गरम पाण्याच्या नळाला आहे; गीझर चालू असताना सुरू होतं, नंतर थांबतं.
- सकाळचं पहिलं पाणी तांबूस येतं आणि धार वर्षागणिक बारीक होत चाललीय.

शेवटचं लक्षण ओलीच्या जोडीला असेल तर मनाची तयारी ठेवा. पाइप आतून गंजलाय. एक जोड सुधारून थोडा वेळ मिळेल, लाइन काही नवी होणार नाही.

पाणी खरंच या जोडातून येतंय का?

याला पैसे लागत नाहीत, तरी ही तपासणी सगळ्यात जास्त वेळा टाळली जाते. पुरवठ्याची लाइन सतत दाबाखाली असते, म्हणून तिचा जोड दिवसरात्र गळतो. सांडपाण्याची लाइन मोरी वापरली तरच गळते. रात्री घराचा मुख्य कॉक बंद करा, ओलीवर खडूने कडेची रेघ मारा आणि सकाळी बघा. ओल रेघेच्या आत सरकली किंवा पृष्ठभाग सुकायला लागला तर संशय पुरवठ्याच्या लाइनवर. काहीच फरक नसेल तर नहाणी ट्रॅपमध्ये, म्हणजे मोरीच्या जाळीखालच्या भांड्यात, खाण्याचा रंग कालवलेलं बादलीभर पाणी ओता. रंग भिंतीवर किंवा खालच्या छतावर उतरला तर नळाला हात लावायचं कारणच नाही.

ज्यांच्या घरात स्वतंत्र मीटर आहे त्यांचं काम सोपं. सगळे नळ बंद करून मीटरवरचं बारीक चक्र फिरतंय का तेवढं बघायचं. जुन्या मुंबईत मात्र अख्ख्या इमारतीला एकच मीटर असतो, म्हणून खडूची रेघ.

नळच तर गळत नाही ना?

नळाच्या मुठीखालून, म्हणजे ग्लँडमधून निघालेलं पाणी नळाच्या अंगावरून मागे भिंतीकडे वाहत जातं आणि थेट जोडच गळल्यासारखं दिसतं. नळ फडक्याने कोरडा करा. वर्तमानपत्राच्या तीन पट्ट्या घ्या: एक मुठीखाली, एक नळाच्या मधोमध, एक चकतीला लागून. आधी जी भिजेल तिथे दोष. मुठीखालची भिजली तर ग्लँडचा नट पाव फेरा आवळून बघा, नाहीतर आतलं पॅकिंग बदला. तोटीतून थेंब येत असतील तर वायसर. दोन्ही कामं किरकोळ खर्चाची आहेत, भिंतीला धक्का लागत नाही.

जोर आणि धक्का

गच्चीवरच्या टाकीतून नुसत्या उताराने येणाऱ्या पाण्याचा दाब फार नसतो. दर १० मीटर उंचीला साधारण १ बार. तीन मजली इमारतीत खालच्या माणसालाही दीड बारच्या आसपास मिळतो, आणि जुने जोड त्यावर सुखाने चाललेले असतात. मग कोणीतरी शॉवरला जोर यावा म्हणून प्रेशर पंप बसवतो. दाब दुपटीने वाढतो आणि गंजाच्या खपल्यांनी जेमतेम बुजलेले जोड एकापाठोपाठ एक उघडे पडतात. गळती पंप बसवल्यानंतर सुरू झालीय का, हे आधी आठवा. तसं असेल तर पंप काही दिवस बंद ठेवून बघा, किंवा त्याचं प्रेशर स्विच खाली आणून घ्या.

दुसरं कारण धक्क्याचं. वॉशिंग मशीनचा व्हॉल्व्ह फटकन बंद होतो, पाव फेऱ्यात बंद होणारे नळही तसेच. त्या क्षणी भिंतीत ठक्क असा आवाज येत असेल तर पाइप हलतोय. बाहेरून गेलेल्या लाइनला दर काही फुटांवर क्लॅम्प मारून घेतला की पुष्कळदा एवढ्यावरच भागतं. हलणाऱ्या पाइपवर कितीही चांगली फिटिंग लावा, आट्यांमधली टेप झिजत जाणारच.

नळ काढा आणि आटे बघा

आता पाना लागेल. मुख्य कॉक बंद, खालचा नळ उघडून लाइन रिकामी, आणि मगच नळ फिरवायचा. एका पान्याने नळ फिरवताना मागे एल्बो किंवा निपल (आटे पाडलेला पाइपचा आखूड तुकडा) दिसत असेल तर तो दुसऱ्या पान्याने धरून ठेवा. एल्बो भिंतीत फिरला तर त्याच्या मागचा पाइप आट्यांतच चिरतो.

पाइप नेमका जोडातच का चिरतो, हे आकड्यांतून चटकन कळेल. अर्धा इंची जीआय पाइपची जाडी ए क्लासला २.० मिलिमीटर, बी क्लासला २.६ आणि सी क्लासला ३.२ असते. आयएस १२३९ या भारतीय मानकात हे ठरलेलं आहे, आणि पाइपवर अनुक्रमे पिवळा, निळा, लाल पट्टा असतो. अर्धा इंची आट्याची खोली सुमारे १.१६ मिलिमीटर. म्हणजे ए क्लासच्या पाइपवर आटे पाडले की आट्याच्या बुडाशी उरतं जेमतेम ०.८४ मिलिमीटर लोखंड, आणि तिथला जस्ताचा थरही आटे पाडताना निघून गेलेला. त्याला कित्येक पावसाळे ओलं प्लास्टर मिळालेलं असतं. पैसे वाचवायला म्हणून कोणी ए क्लासचा पाइप भिंतीत घालायला सांगितलं तर मी ते काम घेत नाही. किमान बी, भिंतीत गाडायचा तर सी.

नळ निघाला की टॉर्च मारून एल्बोच्या आत बघा. तीन गोष्टी तपासायच्या.

पहिली, आटे शिल्लक आहेत का. तारेचा छोटा ब्रश फिरवून जुनी टेप, सफेदा (आट्यांना लावायची पांढरी पेस्ट), गंज काढा. कडा टोकदार आणि सलग दिसल्या तर ठीक. पहिला एखादा आटा खाल्लेला असला तरी चालतं. कडा गोलसर झाल्या असतील, बोट फिरवल्यावर भुगा निघत असेल तर तो एल्बो संपला. त्यात कुठलीही फिटिंग टिकणार नाही.

दुसरी, किती आटे पकडले जातात. टेप न लावता नळ हाताने फिरवून फेरे मोजा. पान्याने आवळल्यावर चार-पाच आटे तरी आत गेले पाहिजेत. इथे एक गोष्ट मला वारंवार दिसते. बाथरूम नवं करताना जुन्या टाइल्स न काढता त्यांवरच नव्या चिकटवतात. भिंत त्यामुळे पुढे येते, एल्बो तितकाच आत जातो. नळाची शेपटी पुरत नाही, दोन आट्यांवर नळ लोंबकळतो आणि मिस्त्री ती उणीव टेपने भरून काढतो. असा नळ हाताला हलणारच. यावर उपाय एक्स्टेन्शन निपल. अर्धा इंचापासून चार-सहा इंचांपर्यंत तो मिळतो. काडी घालून एल्बोची खोली मोजून न्या, अंदाजाने आणू नका. दोन छोटे निपल एकापुढे एक लावू नयेत; प्रत्येक जोड म्हणजे गळायची आणखी एक जागा.

तिसरी, आटे एकाच जातीचे आहेत का. आपल्याकडे सगळं बीएसपी, म्हणजे ब्रिटिश मापाच्या आट्यांवर चालतं. अर्धा आणि पाऊण इंचीला इंचात १४ आटे, एक इंचीला ११. अमेरिकेतून मुलाने आणलेला शॉवर एनपीटी, म्हणजे अमेरिकी मापाच्या आट्यांचा असतो. अर्धा इंचीला त्याचेही इंचात १४ आटे, जाडीही जवळपास तीच, त्यामुळे तो छान फिरत आत जातो. पण आट्याचा कोन आपल्याकडे ५५ अंशांचा आणि त्यांच्याकडे ६०. दोन्ही पृष्ठभाग एकमेकांवर बसतच नाहीत. टेपने काही दिवस पाणी धरतं, मग सोडतं. असा शॉवर बसवायचाच असेल तर एनपीटी ते बीएसपी अ‍ॅडॅप्टर शोधा.

टेप की सुतळी

पाइपच्या टोकाचे आटे निमुळते असतात, आवळताना ते घट्ट होत जातात. नळाच्या शेपटीचे आटे बहुधा सरळ, शेवटपर्यंत एकाच जाडीचे. तिथे आटे स्वतः पाणी अडवत नाहीत, सगळा भार भरणीवर, म्हणजे टेप किंवा सुतळीवर येतो. नव्या, साफ आट्यांवर टेफ्लॉन टेप उत्तम. आट्याचं तोंड आपल्याकडे धरून घड्याळाच्या दिशेने, ताण देऊन गुंडाळा. उलटी गुंडाळली तर फिटिंग आत जाताना टेप सोलून गोळा होते.

खडबडीत जुन्या जीआयवर मात्र मला अजून सुतळीच भरवशाची वाटते. ताग पाणी लागलं की फुगतो आणि खळगे भरून काढतो. सोबतचा पारंपरिक सफेदा शिशाचा असायचा, तो पिण्याच्या पाण्याच्या लाइनला नको; पिण्याच्या पाण्याला चालेल असं डब्यावर लिहिलेली जॉइंट पेस्ट घ्या. आणि सीपीव्हीसीच्या (गरम पाण्यालाही चालणाऱ्या प्लास्टिक पाइपच्या) आट्यांवर सुतळी, ऑइलपेंट किंवा तेलकट पेस्ट अजिबात नको, फक्त टेप. तेलाने ते प्लास्टिक कालांतराने तडकतं.

फिटिंग निवडताना

एल्बोचे आटे चांगले निघाले तर पुढचा प्रश्न त्यात काय घालायचं.

ठरवून ठेवा: प्लास्टिकच्या आतल्या आट्यात लोखंडी किंवा पितळी बाहेरचा आटा कधीही आवळायचा नाही. धातू पाचरीसारखा आत शिरतो आणि प्लास्टिकचं तोंड फाटतं. लगेच नाही फाटत, म्हणून तर फसगत होते. बारीक चीर पडते आणि महिन्यांनी लांबत जाते. उलटा प्रकार, म्हणजे प्लास्टिकचा बाहेरचा आटा लोखंडी एल्बोत, गार पाण्याला एक वेळ चालतो. पण जुन्या एल्बोच्या धारदार कडा प्लास्टिकचे आटे खरवडतात. म्हणून जुन्या जीआयमधून सीपीव्हीसीवर जायचं असेल तर पितळी आट्याचा अ‍ॅडॅप्टर घ्या. दुकानात त्याला एमएबीटी म्हणतात, आतले आटे हवे असतील तर एफएबीटी. प्लास्टिकच्याच आट्यांचा साधा अ‍ॅडॅप्टर, म्हणजे एमटीए, त्यापेक्षा बराच स्वस्त पडतो, मिस्त्री तोच आणतो. गरम पाण्याच्या लाइनवर तर पितळी आट्याला पर्याय नाही, कारण प्लास्टिक धातूपेक्षा कितीतरी पट जास्त पसरतं-आकसतं आणि रोजच्या गीझरने जोड सैल होतो. वर सांगितलेलं चौथं लक्षण हेच.

पितळ आणि जस्त ओल्यात एकत्र आले की जस्त आधी झिजतं, हे खरं. मोठ्या जीआय लाइनवर एक छोटी पितळी फिटिंग असेल तर ही झीज हळू होते, त्यापायी पितळ टाळू नका. उलट, तांब्याच्या पाइपला थेट जीआय जोडणं मात्र टाळा.

खरं पितळ ओळखायचं कसं? चुंबक फक्त लोखंड पकडून देतो. पितळ त्याला चिकटत नाही, पण जस्ताचा स्वस्त मिश्रधातूही चिकटत नाही, तेव्हा चुंबकाने फार काही कळत नाही. निकेलचा मुलामा पोचलेला नसतो अशी जागा बघा, म्हणजे आतले आटे. पिवळे दिसले तर पितळ, राखाडी-पांढरे दिसले तर जस्ताचा माल. हातात तोलूनही कळतं, एकाच मापात पितळ चांगलंच जड लागतं. जस्ताच्या निपलचं दुखणं असं की पुढच्या वेळी काढताना तो एल्बोच्या तोंडाशीच मोडतो आणि आटे आत राहतात. मग भिंत फोडण्यावाचून मार्ग नाही. एवढ्याशा वस्तूत पैसे वाचवण्यात काही अर्थ नाही.

मापांचाही घोळ असतो. अर्धा इंची म्हणून विकल्या जाणाऱ्या जीआय पाइपचा बाहेरचा व्यास सुमारे २१ मिलिमीटर, अर्धा इंची सीपीव्हीसीचा फक्त १५.९. आट्यांचा यूपीव्हीसी पाइप (गार पाण्याचा प्लास्टिक पाइप) पुन्हा २१.३. म्हणून यूपीव्हीसीचा सॉकेट सीपीव्हीसीवर बसत नाही, आणि कोणी चिकटद्रव्य भरून बसवला तर तो जोड नव्हे, थापणं झालं. दुकानात जाताना काढलेला जुना तुकडा खिशात ठेवा. चिकटद्रव्यही ज्याचं त्याचंच, आणि यूपीव्हीसी गरम पाण्याला कधीच नाही.

खरेदी करताना आयएसआय चिन्हाजवळचा मानक क्रमांक वाचा. जीआय पाइपला आयएस १२३९, त्याच्या ओतीव फिटिंगला आयएस १८७९, सीपीव्हीसी पाइपला आयएस १५७७८. चिन्हाखाली सीएम/एल ने सुरू होणारा परवाना क्रमांक असतो. तो बीआयएस केअर अ‍ॅपमध्ये टाकला की परवाना कोणाचा आणि चालू आहे की नाही ते दिसतं. नुसतं चिन्ह छापणारे भरपूर आहेत, क्रमांक टाकून बघणारे थोडे.

बाहेरून दिसणाऱ्या लाइनवर शक्य तिथे एक युनियन, म्हणजे मधूनच उघडता येणारा जोड, घालून घ्या. पुढच्या वेळी एक तुकडा बदलायला अख्खी लाइन उलगडावी लागत नाही.

भिंत फोडायची वेळ

एल्बो संपला असेल तर तो बदलायचाच. आट्यांत एम-सील भरून वेळ मारून नेली तर पुढचा माणूस तुमच्या नावाने बोटं मोडेल. चकतीभोवती हातभर जागा मोकळी करा आणि एल्बोला लागलेला पाइप तपासा. कानशीने हलकेच घासा. चकचकीत धातू लागला तर तिथून नवे आटे पाडता येतील. काळे थर सुटत राहिले तर आणखी मागे जा, घट्ट लोखंड लागेपर्यंत. दोन-तीन फूट मागे जाऊनही लागलं नाही, तर जोड सुधारण्याचा नाद सोडा. त्या खोलीची लाइन बाहेरून सीपीव्हीसीने नवी ओढणं स्वस्त पडतं, दिसायला थोडं वाईट दिसलं तरी.

काम झाल्यावर लगेच प्लास्टर नको. सीपीव्हीसीचा जोड रात्रभर सुकू द्या, मग पाणी सोडा, पूर्ण एक दिवस दाबाखाली ठेवा. जोडावर कोरडा टिश्यू गुंडाळून ठेवला की हाताला न लागणारा ओलावाही दिसतो. पंप असेल तर तो चालू करूनही बघा.

इथे थांबा, माणूस बोलवा

मुख्य कॉक पूर्ण बंद होत नसेल तर काही उघडू नका. जुन्या गेट व्हॉल्व्हचा दांडा जोर लावल्यावर तुटतो आणि पाणी थांबवायला गच्चीवर पळावं लागतं. एल्बो भिंतीत फिरला, किंवा निपल मोडून आत राहिला, तरी थांबा. ते आटे हॅक्सॉच्या पात्याने चिरून काढतात. हात बसलेला नसेल तर एल्बोचेही आटे जातात.

डक्टमधल्या उभ्या सामाईक लाइनला हात लावू नका. ती सोसायटीची असते, तेव्हा आधी कमिटीला लेखी कळवा, दुरुस्ती आणि खर्च त्यांच्याकडून होऊ द्या. मीटरच्या आधीचा कुठलाही जोड पालिकेच्या परवानाधारक प्लंबरशिवाय उघडायचा नाही. तिथे गळती असेल तर घाईने कळवा, कारण पाणी ठरावीक वेळेला येतं आणि बाकीच्या वेळी रिकामी लाइन आजूबाजूचं घाण पाणी त्याच जोडातून आत ओढते. गीझरच्या सेफ्टी व्हॉल्व्हमधून पाणी टपकतंय म्हणून त्याला डमी (बूच) लावून बंद करणारेही भेटतात. तसं कधी करू नका, गीझर बंद करून दुरुस्तीवाल्याला बोलवा.

ओल स्विचबोर्डापर्यंत पोचली असेल तर आधी मेन स्विच पाडा. आणखी एक, जे फार थोड्यांना ठाऊक असतं: काही जुन्या घरांत विजेचं अर्थिंग पाण्याच्या जीआय पाइपलाच जोडलेलं असतं. मधे सीपीव्हीसीचा तुकडा घातला की ते अर्थिंग तुटतं आणि कोणाला पत्ताही लागत नाही. पाइपला बांधलेली तार दिसली तर पाइप कापण्याआधी इलेक्ट्रिशियनकडून वेगळं अर्थिंग करून घ्या. ते काम प्लंबरच्या अंगावर टाकू नका.